घोडा काळा, मग स्वार कुठल्या रंगाचा?

मुंबईत काळा घोडा कुठे आहे, याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. जहांगीर आर्ट गॅलरीपासून जवळच एक घोडा उभा आहे, २०१७ साली बसवलेला, पाठ रिकामी. दुसरा भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, १८७९ सालचा, पाठीवर इंग्लंडचा युवराज घेऊन. पहिल्यासमोर लोक थांबून फोटो काढतात. दुसऱ्याच्या जवळून पोरांना ओढत पेंग्विन बघायला जातात. नाव पडलं ते दुसऱ्यावरून आणि मिरवतोय पहिला.

यामागची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. फोर्टातल्या हेरिटेज वॉकमध्ये ती सांगतात, तिच्यावर रील्स बनतात, आणि दर फेब्रुवारीत फेस्टिवल आला की ती नव्याने फिरते. गोष्ट अशी: साहेबांनी आपल्या राजाचा पुतळा भर चौकात उभारला, पण मुंबईच्या रयतेने राजाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने घोडा तेवढा पाहिला आणि चौकाला घोड्याचं नाव देऊन टाकलं. म्हणजे १९६५ साली पुतळा हलवला गेला त्याच्या कितीतरी आधी लोकांनी राजाला तोंडानेच खाली उतरवलं होतं. ऐकायला झकास आहे. २०१७ चा पुतळा म्हणजे हीच गोष्ट ब्राँझमध्ये ओतलेली आहे: स्वार गेला, घोडा राहिला.

मला ही गोष्ट खरी वाटत नाही. आणि गोष्ट खरी नसेल तर तिच्यावर उभा केलेला पुतळाही डळमळतो.

आधी जुना घोडा. इंग्लंडचा युवराज अल्बर्ट एडवर्ड ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबईत उतरला. दुसऱ्याच दिवशी त्याचा चौतिसावा वाढदिवस होता. त्या भेटीची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी शहराला हा पुतळा भेट दिला. ससून म्हणजे बगदादहून आलेलं ज्यू व्यापारी घराणं. अल्बर्टचे वडील डेव्हिड ससून, ज्यांच्या नावाची लायब्ररी त्याच चौकात आहे. शिल्पकार जोसेफ एडगर बोम, ऑस्ट्रियातून लंडनला येऊन स्थिरावलेला, राजघराण्याच्या मर्जीतला. पुतळ्याचं अनावरण १८७९ साली झालं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, हा पुतळा सरकारने उभारलेला नव्हता. एका धनाढ्य व्यापाऱ्याने दिलेली ती भेट होती. ‘इंग्रजांनी लादलेला पुतळा’ हे वाक्य इथे नीट बसत नाही, कारण पैसे मोजणारा मुंबईचाच शेठ होता. दोन, घोड्यावर बसलेला माणूस तेव्हा राजा नव्हता. आई, म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १९०१ साली गेल्यावर तो सातवा एडवर्ड झाला. पुतळा झाल्यावर बावीस वर्षांनी. म्हणजे गोष्टीतला ‘राजा’ हासुद्धा मागाहून बसवलेला आहे.

(आईचं सांगायचं तर मुंबईत घोडागाडीला व्हिक्टोरियाच म्हणत. आई गाडी झाली, मुलगा घोडा.)

आता लोकांनी स्वार पाहिलाच नाही या दाव्याकडे येऊ. त्याच्या बाजूने एक पुरावा चटकन सुचतो. गेटवेसमोर १९६१ साली शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला. घोडा तोही आहे, ब्राँझ तेही आहे, काळपट तोही दिसतो. पण ‘गेटवेच्या घोड्यापाशी भेट’ असं कुणी म्हणेल का? म्हणून तर बघा. स्वार आपला असेल तर घोडा दिसत नाही, परका असेल तर घोडाच दिसतो, असा नियम काढायचा मोह होतो. बरेच दिवस मलाही तो पटण्यासारखा वाटायचा, कारण तो ऐकायला नीटनेटका आहे आणि आपल्या बाजूचा आहे.

पण बडोद्याला जा. कमाटीबागेच्या, म्हणजे सयाजीबागेच्या, दारापाशी अश्वारूढ पुतळा आहे, महाराजा सयाजीराव गायकवाड यांचा. ब्रिटिश शिल्पकार फ्रान्सिस डर्वेंट वूड याने केलेला. महाराजांच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली त्या निमित्ताने तो घडवला गेला आणि १९०७ साली बसवला. त्या चौकाला बडोद्यात काय म्हणतात? काळा घोडा. रिक्षावाले म्हणतात, पत्त्यात लिहितात, दुकानांच्या पाट्यांवर आहे.

आणि सयाजीराव काही परके नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला, त्याने पुढे आख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, डॉ. आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली. ग्रंथालयं, कलाशिक्षण, कुस्तीच्या तालमी, बडोद्याने त्यांच्याकडून काय घेतलं नाही ते सांगा. शंभर वर्षं उलटून गेली तरी तिथल्या माणसांच्या बोलण्यात ‘सयाजीराव महाराज’ अदबीनेच येतात. मराठी घरांमध्ये तर विचारूच नका. त्या माणसाच्या पुतळ्यालाही लोक बिनदिक्कत काळा घोडा म्हणतात. त्यात कुणाला महाराजांचा अपमान दिसत नाही, बंडही दिसत नाही. हे नाव मुंबईवरून उचललं असं कुणी म्हणेल. उचललेलं असो. मुद्दा असा की ते महाराजांच्या पुतळ्याला लावताना कुणाची जीभ अडखळली नाही. नावात खरंच राजाचा धिक्कार भरलेला असता तर ते बडोद्याला असं सहज वापरता आलं नसतं.

या दोन घोड्यांच्या स्वारांची भेटही झाली होती, दोन्हींपैकी एकही घोडा ओतला गेला नव्हता तेव्हा. १८७५ च्या नोव्हेंबरात युवराज बडोद्याला गेला. सयाजीराव त्याच वर्षी दत्तक आलेले, बारा वर्षांचे. पुढे १९११ च्या दिल्ली दरबारात या सयाजीरावांनी पाचव्या जॉर्जसमोर पुरेसं लवून मुजरा केला नाही, पाठ फिरवून चालते झाले, म्हणून केवढा गहजब झाला. हा पाचवा जॉर्ज म्हणजे आपल्या स्वाराचा मुलगा. राजाला खरोखर मान न देणं काय असतं ते इतिहासात बघायचं असेल तर तिथे बघावं. तिथे किंमत मोजावी लागली, माफीपत्र लिहावं लागलं. चौकाचं नाव घेताना कुणाला काही मोजावं लागत नाही.

मग नाव पडलं कसं? माझं उत्तर फारच साधं आहे, म्हणून कदाचित कुणाच्या रीलमध्ये येत नाही. पुतळा उंच चौथऱ्यावर असतो. खालून चालणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, व्हिक्टोरिया हाकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे येतं ते घोड्याचं पोट, छाती, पाय. स्वाराचा चेहरा वर आभाळात असतो, त्याच्यामागे उन्हं. ब्राँझ मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत काळवंडतं. ‘कुठे उतरायचं?’ या प्रश्नाला एका दमात देता येईल असं उत्तर लागतं. काळा. घोडा. संपलं. ज्याला पत्ता सांगायचा आहे त्याला इतिहासाशी देणंघेणं नसतं. त्याला गिऱ्हाईक बरोबर जागी उतरवायचं असतं.

मी विक्रोळीत राहते. आमच्या स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत ‘कन्नमवार’ हा शब्द दिवसभर ऐकू येतो. कन्नमवार नगर एक, कन्नमवार नगर दोन. हे मारोतराव कन्नमवार म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री. चीन युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा, नोव्हेंबर १९६२ मध्ये, ते मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरातच, २४ नोव्हेंबर १९६३ ला, पदावर असतानाच वारले. चांद्याकडचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडचे. रांगेतल्या कुणालाही विचारा, कन्नमवार कोण होते. माझ्या इमारतीत पिढ्यानपिढ्या राहिलेल्यांनाही सांगता येणार नाही. म्हणून आम्ही कन्नमवारांचा धिक्कार केला का? उलट, रोज हजार वेळा त्यांचं नाव घेतो. फक्त त्या नावात आता माणूस नाही, इमारतींची रांग आहे आणि रिक्षाचं भाडं आहे. मुंबईत माणूस जागेला नाव देतो आणि मग जागा माणसाला गिळून टाकते. फोर्टातल्या युवराजाला निदान घोडा तरी होता.

हाच प्रकार भायखळ्याच्या ‘खडा पारशी’चा. खाली चार जलपऱ्या, त्यांच्यावर उंच खांब, खांबाच्या टोकावर पारशी पोशाखातले शेठ. आज तो पुलाच्या दोन फाट्यांच्या मध्ये अडकल्यासारखा उभा आहे. पुतळा कर्सेटजी माणकजी या शेठचा, उभारला त्यांचा मुलगा माणकजी कर्सेटजी याने. हा मुलगा खरं तर लक्षात राहायला हवा होता. मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून त्याने १८६३ साली अलेक्झांड्रा शाळा काढली, तीही बायकांनी घराबाहेर पडण्यावरून घराघरांत वाद होत त्या काळात. शिल्प जॉन बेलचं. पण लोकांनी लांबून काय पाहिलं? पगडी आणि अंगरखा: पारशी. पाय: खडा. शेठचं नाव गेलं, त्याच्या शाळा काढणाऱ्या मुलाचं गेलं, आणि खरं सांगायचं तर जलपऱ्यांसारखी भन्नाट गोष्टही नावात आली नाही, कारण लांबून त्या दिसत नाहीत. आमच्या घरात कुणी दारात ठोंब्यासारखं उभं राहिलं की ‘काय खडा पारशासारखा उभा आहेस’ असं ऐकावं लागायचं. पारशी लोक मुंबईला परके होते म्हणून हे नाव पडलं, असं तर कुणी म्हणणार नाही. बघा आणि बोला, एवढाच या नावांचा कारखाना आहे.

मुंबईकरांना पुतळ्यावरच्या माणसाबद्दल खरंच काही म्हणायचं असायचं तेव्हा ते काय करत, याचेही पुरावे आहेत. ते घोड्याच्या नावापेक्षा कितीतरी चमत्कारिक आहेत.

लॉर्ड कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा फोर्टात उघड्या मैदानावर होता. येणारी-जाणारी माणसं त्याला देव समजून फुलं वाहायला लागली, नारळ फोडायला लागली. सरकारला कानकोंडं झालं. हा देव नाही, गव्हर्नर जनरल होता, असं समजावायचा प्रयत्न झाला. लोकांनी ऐकून घेतलं आणि फुलं वाहणं चालू ठेवलं. मुंबईच्या जुन्या गॅझेटियरमध्ये ही हकिकत आहे. आता यात भक्ती किती, गंमत किती आणि गैरसमज किती ते ज्याचं त्याने ठरवावं. मला ती वाचताना दर वेळी असं वाटतं की ज्या माणसाला दगडात जागा दिली, छत्र दिलं, लोकांपासून उंच बसवलं, त्याला देव समजू नका असं सांगणाऱ्या सरकारचीच अक्कल जरा कमी होती.

दुसरी हकिकत व्हिक्टोरिया राणीची. हिचाही पुतळा संगमरवरी, बडोद्याच्याच खंडेराव गायकवाडांनी दिलेला, मॅथ्यू नोबलने घडवलेला, १८७२ सालचा. ऑक्टोबर १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी या पांढऱ्या राणीच्या तोंडाला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुढच्याच वर्षी रँडचा वध करणारे हेच ते. दामोदर चापेकरांनी आत्मवृत्तात हे स्वतः लिहून ठेवलंय. संगमरवरात मुरलेलं डांबर काही केल्या निघेना. शेवटी रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी ते डाग काढून दाखवले आणि त्यांचं नाव झालं. म्हणजे एका हिंदी माणसाने काळं फासलं, दुसऱ्या हिंदी माणसाने विज्ञानाने ते धुतलं, आणि इतिहासात दोघांनाही जागा मिळाली. तोंडाला काळं फासणं या शब्दांचा अर्थ मराठीत कुणाला समजवावा लागत नाही. तो उघड, जाणूनबुजून केलेला अपमान आहे.

आता या काळ्याशेजारी घोड्याचा काळा ठेवून बघा. घोड्याला कुणी काळं फासलेलं नाही. तो धातूचा रंग आहे. आणि मला या सगळ्यात सगळ्यात गमतीचं वाटतं ते हे, की घोडा ज्या ब्राँझचा तोच स्वारही. घोडा काळा दिसत असेल तर युवराजही तितकाच काळा दिसत असणार. गोऱ्या साहेबाला मुंबईच्या हवेने काळा करून सोडलं होतं, तेही कुणी डांबराचा डबा न उचलता, आणि यावरून ‘काळा साहेब’ किंवा ‘काळा राजा’ असं नाव पडलं नाही! धिक्कारच करायचा होता तर याहून सोपा, याहून झोंबणारा विनोद हाताशी होता. तो कुणाला सुचला नाही किंवा कुणाला गरज वाटली नाही. म्हणून म्हणते, लोक राजाशी भांडत नव्हते, ते पत्ता सांगत होते.

मग हे नाव क्षुद्र ठरतं का? मला उलट वाटतं. शहरातल्या कष्टकऱ्यांनी, ज्यांच्या नावाने कधी कुठला चौक होणार नव्हता अशांनी, कुणाला न विचारता एक नाव चलनात आणलं, आणि ते पुतळ्याला, साम्राज्याला, फोर्टातल्या निम्म्या रस्त्यांच्या जुन्या इंग्रजी नावांना पुरून उरलं. त्याच्यावर आपण आज देशभक्तीची शाल पांघरतो, ती त्यांच्या कामाची कदर वाटत नाही. त्यांना जे म्हणायचंच नव्हतं ते आपण त्यांच्या तोंडी घालतोय.

या नावाचं आणखी एक नुकसान झालंय, ते कानाला कळतं. काळा मधला ळ रोमन लिपीत गेला की उरतो ‘काला’ किंवा ‘कला’. फेस्टिवल कलेचा, गॅलऱ्या कलेच्या, त्यामुळे हे मुळात ‘कला घोडा’ आहे असं प्रामाणिकपणे मानणारी माणसं मला भेटली आहेत. फेस्टिवलला तर आता चार इंग्रजी अक्षरांवरून केजीएएफच म्हणतात. १९९९ पासून हा फेस्टिवल चालू आहे, मी दरवर्षी जाते, गर्दीत चेंगरते, काही चांगलं पाहूनही येते. पण ज्या नावाचा उगम गाडीवानाच्या तोंडात आहे त्याचा ळ काढून घेऊन त्याचं ‘आर्ट डिस्ट्रिक्ट’ होताना बघणं थोडं खटकतं.

१९६५ साली, स्वातंत्र्यानंतर अठरा वर्षांनी, पुतळा उचलून भायखळ्याला नेला. शहरातले बरेच राजे, राण्या, लाटसाहेब त्या काळात तिकडेच गेले. राणीची बाग आणि तिला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं आवार म्हणजे मुंबईच्या सेवानिवृत्त साम्राज्याचा वृद्धाश्रम आहे. घारापुरीचा तो दगडी हत्तीही तिथेच आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. बघून नाव ठेवण्याची खोड काही मुंबईकरांचीच नाही.

बागेतल्या घोड्यापाशी थांबलात तर शेजारचा एखादा काका तुम्हाला हमखास एक नियम सांगेल, जो व्हॉट्सॲपवरही फिरत असतो. घोड्याचे दोन पाय वर असतील तर स्वार लढाईत मेला, एक वर असेल तर जखमांनी मेला, चारही खाली असतील तर अंथरुणात. या घोड्याचे पाय मोजायचीही गरज नाही. पुतळा १८७९ चा, स्वार मेला १९१० साली, लंडनला, आजारपणाने, राजवाड्यात. बोमला एकतीस वर्षं आधी हे कसं कळणार होतं? पण या नियमावर लोकांचा जीव आहे, कारण तो पुतळ्याला कोडं बनवतो आणि कोडं सुटल्याचा आनंद देतो. ‘मुंबईकरांनी राजाला पाहिलं नाही’ ही गोष्टही त्याच जातीची.

घोडा गेल्यावर फोर्टात काय राहिलं? नाव. नुसतं नाव, आणि एक वाहनतळ. १९६५ ते २०१७ ही बावन्न वर्षं काळा घोडा अशी जागा होती जिथे घोडा नव्हता. बाहेरगावचा पाहुणा ‘घोडा कुठाय?’ विचारायचा आणि मुंबईकर हसायचा. माझ्या मते या चौकाच्या इतिहासातला हा सगळ्यात सुपीक काळ आहे. अरुण कोलटकर वर्षानुवर्षं इथल्या वेसाइड इनमध्ये बसून त्या तिकोनाकडे बघत राहिले. २००४ साली, ते गेले त्याच वर्षी, त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह आला: ‘काळा घोडा पोएम्स’. त्यात रस्त्यावरचा कुत्रा आहे, झाडणाऱ्या बायका आहेत, सकाळी इडल्या घेऊन येणारी बाई आणि ती खायला जमणारी माणसं आहेत. लायब्ररीवर कोरलेलं डेव्हिड ससूनचं मुंडकंही बोलतं. पुस्तकाच्या नावात घोडा आहे आणि चौकात घोडा नाही. रिकाम्या जागेवर कोण कोण येऊन बसतं हे बघायला कवीला जागा मिळाली, ती राजा गेला म्हणून आणि त्याच्या जागी लगेच दुसरं कुणी बसवलं नाही म्हणून. सत्ता गेल्यावरची जागा काही काळ मोकळी राहते आणि तिथे कुत्रा अंग पसरतो, हे मला कुठल्याही स्मारकापेक्षा मोठं वाटतं.

मग २०१७. काळा घोडा असोसिएशनने नवा पुतळा बसवला. कल्पना वास्तुविशारद अल्फाज मिलर यांची, शिल्पकार श्रीहरी भोसले. नाव ‘स्पिरिट ऑफ काळा घोडा’. आधी त्याची बाजू मांडते. घोडा म्हणून तो देखणा आहे. परत राजाला आणून बसवण्यापेक्षा तर शंभर पटीने बरा. अशी मागणी मधूनमधून होत असते, तिला माझा पूर्ण विरोध आहे. आणि लांबून आलेल्या पोराला ‘इथे घोडा होता, आता नाही’ हे सांगावं लागत नाही, हाही फायदाच.

पण शिल्प म्हणून माझी तक्रार अशी. हा घोड्याचा पुतळा नाही, हा शब्दाचा पुतळा आहे. ‘काळा घोडा’ या शब्दात एक खोडी होती: बोलायचं घोड्याचं आणि डोक्यावर युवराज. नाव आणि वस्तू यांच्यात जी फट होती तिच्यातच सगळी मजा होती. नंतर वस्तूच गेली आणि ती फट चौकाएवढी झाली. नव्या पुतळ्याने ती बुजवली. आता नाव घोड्याचं, वस्तू घोडा, रंग काळा. विनोद ऐकून झाल्यावर कुणी तो समजावून सांगावा, तसं. रिकामी पाठ म्हणजे स्वातंत्र्य, असं त्यातून वाचायला सुचवलं जातं. पण ही पाठ रिकामी नाहीच. तिच्यावर ती रीलवाली गोष्ट बसलेली आहे, चांगली मांड ठोकून. कुणी तिला उतरवू शकत नाही, कारण ती दिसत नाही. जुन्या घोड्यावरचा युवराज निदान दिसत तरी होता. त्याच्याबद्दल प्रश्न विचारता येत होते: हा कोण, इथे कशाला, पैसे कुणी दिले. नव्या घोड्याला काय विचारणार? तो सगळी उत्तरं घेऊनच आलाय.

दुसरं काय करता आलं असतं, असं विचाराल तर एक शेजारचं उदाहरण आहे, आपल्या स्वाराच्या घरातलंच. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात कोपऱ्यांवर चार चौथरे आहेत. चौथ्यावर राजा चौथा विल्यम, म्हणजे व्हिक्टोरियाचा काका, घोड्यावर बसायचा होता. पैसे पुरले नाहीत. १८४१ पासून चौथरा तसाच रिकामा. १९९९ पासून, म्हणजे आपला फेस्टिवल सुरू झाला त्याच वर्षापासून, तिथे वेगवेगळ्या कलाकारांची कामं आलटूनपालटून ठेवतात. २०१२ साली एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट या जोडीने तिथे डुलत्या खेळण्यातल्या घोड्यावर बसलेलं पोर ठेवलं, सोनेरी ब्राँझमधलं. राजा बसायचा होता तिथे लहान मूल, आणि काही काळाने तेही जाणार हे सगळ्यांना माहीत. कुणी शिव्या दिल्या, कुणी खूश झालं, मग पुढचं काम आलं.

काळा घोड्याला चौथरा करायचा आणि रिकामा ठेवायचा. दर फेब्रुवारीत कुणीतरी त्यावर आपला घोडा आणायचा: जे.जे.तल्या पोरांनी भंगारातून जोडलेला, धारावीतल्या कुंभारांनी मातीचा केलेला, एखाद्या वर्षी लग्नाच्या वरातीचा खराखुरा घोडेवाला तासभर येऊन उभा राहिला तरी चालेल. काही वर्षं भिकार घोडे येतील. त्याचंही काही बिघडत नाही, पुढच्या वर्षी दुसरा येतो. मुख्य म्हणजे बाकीचे महिने तिथे काहीच नसेल आणि पाहुणा विचारेल, घोडा कुठाय? एवढ्या कलावंतांच्या घोळक्यात, एवढ्या गॅलऱ्यांच्या मध्ये, बदलत राहणारं काहीतरी करायचं सोडून कायमचं ब्राँझ ओतावंसं वाटलं, यावरून मला त्या चौकाच्या बदललेल्या स्वभावाचा अंदाज येतो. पूर्वी तिथे नाव लोक ठेवायचे. आता नाव जपायला संस्था आहे, आणि संस्थेला वस्तू लागते.

तरी दोन्ही घोडे बघून या, शक्यतो एकाच दिवशी, आणि दोन्हींसमोर अगदी चौथऱ्याला खेटून उभं राहून वर बघा. फोर्टातला आधी, म्हणजे परतीच्या वाटेवर भायखळा लागतं. पूर्वेला उतरून राणीची बाग चालत दहा मिनिटांवर आहे, आणि तिथे पोचलात की पेंग्विनची रांग डावलून जुन्या स्वाराच्या बुटांखाली जाऊन उभे राहा. तोंड दिसतंय का ते सांगा. बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते.